फ्लेक्समागची खिडकी

त्या वर्षीच्या येळवसेला मी रेहानाला शेतात जेवायला बोलावलं नाही. चूक तिथून सुरू झाली आणि ती माझी होती. पुढं जे घडलं त्यात कुणाचा किती वाटा, याचा विचार मी बरेच दिवस स्वतःला सोयीचा पडेल असा करत राहिलो. दगा मला दिला गेला, असंच म्हणत आलो. अजूनही एखाद्या दुपारी तो शब्द ओठावर येतो. पण सुरुवात कुणाची, हे आधी लिहून टाकल्याशिवाय बाकीचं खरं लिहिता येणार नाही.

आठवण निघाली ती मडक्यांमुळं. परवा मुरुमच्या बाजारात कुंभारांनी रस्त्याच्या कडेला आंबिलीच्या बिंदग्या मांडलेल्या दिसल्या. नुकत्याच भाजलेल्या, अजून राखेचा वास असलेल्या. बायका बोटानं ठोकून आवाज ऐकत होत्या आणि चिरका आला की मडकं बाजूला सारत होत्या. शिवारात ज्वारीची कणसं बाहेर पडलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा वाळत आलेल्या. सकाळी चहा कपातून बशीत ओतेपर्यंत निवून जातो, असा गारवा. हे दिवस आले की आमच्याकडच्या माणसाला बरं वाटतं. मला मात्र आता हे दिवस आले की कुणीतरी मागून नाव घेऊन हाक मारल्यासारखं होतं, आणि वळून बघायचं धाडस होत नाही.

बाहेरच्या वाचकाला येळवस म्हणजे काय ते सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गाव रिकामं होतं. दुकानांना कुलपं, आडत बंद, स्टँडवर कुत्री तेवढी ऊन खात पडलेली. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पुजायचे, आणि ज्या आरोळीचा अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही ती देत शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडत फिरायचं. मग पंगत. चिंचेच्या पाण्यातली डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि पोटभर आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. बदली होऊन आलेला तलाठी, बँकेतला नवा माणूस, मिस्त्री, मास्तर, सगळ्यांना बोलावणं असतं. त्या दिवशी गावात मागं राहणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याचं कुणी नसतं.

रेहानाच्या वडिलांना, चाँदभाईंना शेत नाही. ते बांगड्या विकतात. माझ्या वडिलांच्या काळापासून त्यांचं घर आमच्याच कोपीत जेवत आलेलं. रेहाना फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून आमच्या बांधावर हरभरा उपटून खायची. पुढं माझ्याकडेच इंग्रजीच्या शिकवणीला आली, एम.ए. झाली, आणि माझ्या शाळेत शिकवायला लागली.

शाळा म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जपानी लोकांना इंग्रजीत बोलायला शिकवणारी शाळा, आणि ती मुरुममध्ये, यावर इथं कुणाचा विश्वास बसत नसे. खालचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वर मास्तर जपानशी बोलत्यात. जरा हळू."

तरुणपणी मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात होतो. जपानहून आलेल्या साहेबांचं इंग्रजी आमच्या लोकांना आणि आमच्या लोकांचं इंग्रजी साहेबांना समजावून सांगणं, हे माझं काम. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली होती. त्या लोकांना व्याकरण माझ्यापेक्षा जास्त येई, पण तोंड उघडायला ते घाबरत. चुकलो तर काय, या भीतीनं पूर्ण वाक्य मनातच मरून जाई. मला ते पाहून माझ्या गावच्या पोरांची आठवण व्हायची. पुढं वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतलो, आणि बऱ्याच विचारानंतर संगणकावरून ही शाळा काढली. बोलायला शिकवायचं, एवढंच. त्यांच्याकडे संध्याकाळ व्हायला लागते तेव्हा आपल्याकडे दुपारची जेवणं व्हायची असतात. त्यामुळं वेळ जमत होती.

सुरुवातीलाच एका जपानी बाईंनी विचारलं, मुरुम कुठं आहे? मी सांगितलं. त्यांनी नकाशावर शोधलं, हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. का आल्या नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. गावामुळंच, हे माझं मीच ठरवून टाकलं. त्यानंतर जो विचारेल त्याला मी पुणे सांगू लागलो.

खोटं एकदा बोलल्यावर त्याला घर द्यावं लागतं. मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो वाढदिवसाचे बॅनर करणारा.

"सर, फोटो कुणाचा टाकू?"

"कुणाचाच नको. पुस्तकांचं कपाट टाक. बाजूला खिडकी, खिडकीतनं उंच उंच इमारती दिसू देत."

त्यानं माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "नुसतं कपाट? खाली शुभेच्छुक तरी टाका की चार."

शुभेच्छुक टाकले नाहीत. फ्लेक्स खुर्चीच्या मागं भिंतीवर लावला. भिंतीत खरी खिडकी होती, बाजाराकडे उघडणारी. ती बंद करून तिच्यावरच ही छापलेली खिडकी आली. रेहानानं कामाच्या पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि म्हणाली, "सर, खिडकीवर खिडकी?" मी हसलो. तीही हसली. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं.

खिडकी बंद केली तरी आवाज येतच. आडतीतला सौदा, हमालांच्या हाका, ट्रॅक्टर, बँडबाजा. समोरची मंडळी विचारायची, गर्दी आहे का? मी म्हणायचो, हो, पुण्याची रहदारी.

शिकवण्याची आमची एक रीत होती. चुकलं असं कधी म्हणायचं नाही. समोरच्याचं मोडकं वाक्य आपण नीट करून सहज परत म्हणायचं. तो ऐकतो, आणि पुढच्या खेपेला त्याचं वाक्य आपोआप सरळ येतं. एका गोष्टीबाबत मात्र मी स्पष्ट बोलायचो. ही मंडळी प्रत्येक वाक्याला सॉरी म्हणत. उशीर झाला सॉरी, ऐकू आलं नाही सॉरी, खोकला आला सॉरी. मी त्यांना सांगायचो, सॉरी एकदाच म्हणा. कशासाठी ते सांगा. आणि त्याच्या मागं 'पण' लावू नका. 'पण' लावला की माफी परत घेतल्यासारखी होते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

रेहाना माझ्याहून चांगलं शिकवायची. जपानी माणूस वाक्य जुळवताना बराच वेळ गप्प बसतो. मला ती शांतता सोसायची नाही, मी मधेच शब्द पुरवायचो. रेहाना थांबायची. हनुवटीखाली हात घेऊन, जणू समोरून एखादं लेकरू रांगत येतंय आणि ते येईपर्यंत आपल्याला दुसरं काही कामच नाही. त्यामुळं लोक तिच्यापाशी जास्त बोलायचे. मला त्याचं कौतुक होतं. थोडा मत्सरही होता, आता लिहायला हरकत नाही.

ओगावासान आमचे सगळ्यांत जुने विद्यार्थी. 'सान' म्हणजे तिकडचं 'राव'. जपानच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातले, नगरपालिकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गावातली काही म्हातारी मंडळी आठवड्यातून एकदा सभागृहात एका पडद्यासमोर जमायची, त्यांचा वर्ग रेहाना घ्यायची. ओगावासान त्यांचे म्होरके. शिवाय ते एकटे माझ्याशी वेगळं बोलायचे. एका हिवाळ्यात त्यांनी फोन हातात घेऊन मला आपलं घर दाखवलं. वळचणीला दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांना सोललेली केशरी फळं टांगलेली. आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या जातीतलं फळ, पण टोमॅटोएवढं. थंडीत ती वाळवतात. दरवर्षी बायको सोलायची, म्हणाले. ती गेल्या वर्षी वारली. या खेपेला मी सोलली. बघा, किती वेडीवाकडी झालीत. तिच्या चपला अजून दारातच आहेत. उचलता येत नाहीत.

एवढं सांगायला त्यांना अर्धा वर्ग लागला. एकेक शब्द शोधून, चाचपून ठेवत होते. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हिवाळ्यात काय करतात?

माझ्या घरच्या आढ्याला त्या वेळी मक्याची कणसं टांगलेली होती. खालच्या खोलीत वडील अंथरुणावर होते. शेतात हुरड्याची ज्वारी होती. आणि मी त्यांना सांगितलं की मी सातव्या मजल्यावर राहतो, सकाळी मागच्या टेकडीवर फिरायला जातो, थंडीत तिथून सगळं पुणे धुक्यात दिसतं. छान सांगितलं. ओगावासान डोळे मिटून ऐकत होते.

शेजारच्या खोलीत रेहाना होती. वर्ग संपल्यावर म्हणाली, "सर, त्यांना सांगून टाका की. त्यांना शेत लई आवडंल."

"आता कसं सांगू? दोन वर्षं झाली."

"म्हणून तर म्हणते."

मी विषय बदलला.

आणि मग ती येळवस. त्या अमावास्येला नेमका सभागृहातल्या मंडळींचा वर्ग आला, आपल्या दुपारच्या वेळी. मागच्या वर्षी येळवसेला मी काहीतरी थाप मारून वर्गांना सुट्टी दिली होती. या खेपेला सुट्टी का, हे सांगायला मला नवं खोटं लागलं असतं. मी म्हटलं, कुणीतरी थांबावं. कुणीतरी म्हणजे रेहाना, हे न बोलताच ठरलं.

सकाळी सुनंदा, माझी बायको, बिंदगीत आंबील भरत होती. तिनं विचारलं, "चाँदभाईला आन् रेहानाला सांगितलं का?"

"तिचा वर्ग आहे."

"वर्ग आसला म्हणून काय झालं? सांगायचं तरी. यायचं का न्हाय ते ती बघंल की."

"सांगून काय करायचं? येणार नाही तर."

सुनंदानं बिंदगीच्या तोंडाला फडकं बांधलं. गाठ मारताना म्हणाली, "अवो, जेवायला सांगणं आन् जेवायला येणं, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत्या."

मी ऐकून घेतलं आणि गाडी काढली. बाजारातून जाताना खताच्या दुकानाचं शटर बंद होतं. बाजूच्या जिन्यापाशी रेहानाच्या चपला दिसल्या. सगळ्या बाजारात तेवढीच काय ती माणसाची खूण. मी गाडी थांबवली नाही.

शेतात सगळं नेहमीसारखं झालं. कोप झाली, पूजा झाली, पुतण्यानं आंबील शिंपडली. चाँदभाई आले नाहीत. बोलावणं गेलंच नव्हतं, आणि लेकीला न बोलावलेल्या पंगतीला ते आपणहून कसे येतील? मी भज्जीत उंडा कुस्करला आणि खाल्ला. सुनंदानं एक पत्रावळ मांडून तशीच ठेवली होती. कुणाची ते तिनं सांगितलं नाही.

दिवस कलताना कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून शेताभोवती फिरवला, आणि अंगाला धुराचा वास घेऊन मी वर खोलीत आलो. दिवे लावलेले नव्हते. मागची खिडकी सताड उघडी होती. रिकाम्या बाजारावर तांबूस उजेड पडला होता आणि तो आत येऊन टेबलावर सांडला होता. फ्लेक्स गुंडाळून, सुतळीनं बांधून कोपऱ्यात उभा केलेला. रेहाना खुर्चीवर बसून होती.

"सर, मी सांगितलं त्यांना."

मला लगेच कळलं. तरी विचारलं, "काय सांगितलं?"

तिनं सगळं सरळ सांगितलं. वर्ग सुरू झाला, आणि ओगावासान म्हणाले, आज तुमच्याकडे फार शांत आहे. रहदारी कुठं गेली? सुट्टी आहे का? ती म्हणाली, हो, आज सगळे शेतात गेलेत. पुण्यात शेतं आहेत? त्यांनी विचारलं. कुणी चेष्टेनं विचारलं नव्हतं. एका म्हातारीनं वहीत लिहूनही घेतलं, पुण्यात शेतं. तेव्हा रेहाना उठली, तिनं फ्लेक्स काढला, खिडकी उघडली आणि संगणक उचलून बाहेरचं सगळं दाखवलं. आडत, बंद दुकानं, लांबवर ज्वारीचा पट्टा. हे मुरुम, म्हणाली. आम्ही इथंच राहतो.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं, सर."

"मला फोन करायचा होतास. थाप मारून वेळ नेता आली असती."

ती उठली, ओढणी सारखी केली. "मला थाप सुचली न्हाय, सर. तुम्हाला सुचते."

"दगा दिलास तू मला," मी म्हणालो. "ज्या ताटात..." पुढचं मी बोललो नाही. पण त्या दिवशी, त्या तोंडून 'ताट' हा शब्द निघाला, हे तिच्या लक्षात आलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. हाताला अजून भज्जीचा वास होता. मग ती जिना उतरून गेली, आणि परत कधी त्या खोलीत आली नाही.

पुढच्या वर्गाला ओगावासान एकटे आले. कोट घालून आले होते. त्यांनी माझे आभार मानले, सभागृहातल्या मंडळींच्या वतीनंही मानले, आणि मग नेहमीसारखे बराच वेळ गप्प बसले. त्या दिवशी मीही शब्द पुरवला नाही. शेवटी ते म्हणाले, त्यांच्या इंग्रजीत, मी इथं अर्थ सांगतो: "मी तुम्हाला माझ्या बायकोच्या चपला दाखवल्या. तुम्ही मला एक चित्र दाखवलंत."

मला नीट करायला त्या वाक्यात काही नव्हतं. ते कुठं मोडकं नव्हतं.

सभागृहातली मंडळी यायची थांबली. त्यांच्या ओळखीनं आलेले थांबले. रागावून कुणी गेलं नाही, सगळे नमस्कार करून गेले. ते जास्त लागलं. खोली हळूहळू शांत होत गेली आणि त्या शांततेत मला एकच आवाज ऐकू यायचा, की हिनं मला बुडवलं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी. हिला शब्द मी दिले आणि तेच हिनं माझ्यावर वापरले. ही भावना वाईट, पण तिच्यात एक ऊब असते. थंडीत शेकोटीपाशी बसल्यासारखा मी तिच्यापाशी बसून राहायचो.

अशाच दिवसांत उमरग्याच्या एका इंग्रजी शाळेचे चालक मला बाजारात भेटले. रेहानानं त्यांच्याकडे नोकरीसाठी विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमच्याकडंच होती म्हणं. कशी हाय?"

चहाची टपरी होती, चार माणसं बाकावर होती. मी म्हणालो, "हुशार आहे. पण आतलं बाहेर नेते. माझे विद्यार्थी फोडले तिनं."

एवढंच. तिला ती नोकरी मिळाली नाही. दुसरीकडेही मिळाली नाही, कारण बाकावरच्या चार माणसांना घरं होती आणि घरी तोंडं होती. काही दिवसांनी मला माझंच वाक्य परत ऐकू आलं, केशकर्तनालयात, वाढवलेलं: ती चाँदभाईची पोरगी, मास्तरांचं अख्खं दुकान उचलून नेलं. मी आरशात बघत होतो. न्हाव्याचा वस्तरा गळ्यापाशी होता म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. चाँदभाई पूर्वी लांबूनच "सलाम, मास्तर" म्हणून हाक द्यायचे. ते मी दिसलो की बांगड्यांचे डबे लावण्यात गढून जाऊ लागले.

पुढची येळवस झाली आणि इंग्रजी नवं वर्ष लागलं. जपानात त्या दिवसांत जुन्या माणसांची विचारपूस करतात. ओगावासानांचा फोन आला. पडद्यावर वळचण होती, दोऱ्या होत्या, फळं या खेपेला जरा सरळ सोललेली होती. चपला उचलल्या, म्हणाले. मग विचारलं, रेहानासान कशा आहेत? मी म्हणालो, तुम्हालाच ठाऊक असेल, तुम्ही तिच्याकडेच शिकता ना? ते गोंधळले. नाही, म्हणाले. आम्ही कुणाकडेच शिकत नाही. त्यांनी तर त्या दिवशी आम्हाला फार विनवलं. सर चांगले शिक्षक आहेत, त्यांना गावाची लाज वाटते, एवढंच. त्यांना सोडू नका. पण आम्हाला नाही जमलं.

फोन ठेवला. खिडकी उघडीच होती. खाली सौदा चालला होता.

मला त्याच संध्याकाळी उठून चाँदभाईंच्या दारात जायला हवं होतं. गेलो नाही. आणखी एक वर्ष गेलो नाही. दगा झालेला माणूस म्हणून गावानं मला एक जागा दिली होती, सहानुभूतीची. ती सोडवेना. आणि खरं सांगायचं तर आत एक कण अजून होता, की तिनं मला आधी सांगायला हवं होतं. तो कण आजही आहे. तो खोटा नाही. पण तो माझ्या माफीत घालण्याच्या लायकीचा नाही, हे कळायला एवढे दिवस लागले.

शाळा बंद केली. खोल्या परत दिल्या. फ्लेक्स शेतात नेला, कडब्याच्या गंजीवर टाकायला बरा पडला. पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटावरून पाणी वाहतं, आणि त्या उंच इमारतींवर साळुंक्या बसतात. सुनंदा एकदा म्हणाली, "आता कुठं त्याला खरं काम मिळालं."

तर परवा बिंदग्या दिसल्या. घरी येऊन मी सुनंदाला म्हणालो, यंदा चाँदभाईंना सांगायला जातो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमंत्रण म्या देते. तुमी माफी मागा. दोन्ही एकात कालवू नगा. न्हायतर त्यानला वाटंल, जेवू घालून तोंड बंद करायलेत."

आधी उमरग्याला गेलो. त्या शाळाचालकांना सांगितलं, रेहानाविषयी मी बोललो ते खोटं होतं, तिनं कुणाला फोडलं नाही. ते चष्मा पुसत हसले. "अहो सर, ते मी कधीच विसरून गेलो. कोण रेहाना?" येताना एसटीत तेच डोक्यात घुमत राहिलं. ज्या वाक्यानं एका घराचं सगळं बिघडलं, ते ऐकणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं.

मग बाजाराच्या दिवशी चाँदभाईंच्या पालाकडे गेलो. घरी जाता आलं असतं. पण ते वाक्य मी बाजारात बोललो होतो. येळवसेची बांगड्यांची गर्दी होती. चाँदभाई एका बाईचा हात धरून हिरव्या बांगड्या चढवत होते, आणि मागं रेहाना डबे उघडून देत होती. आता ती घरीच मुलींच्या शिकवण्या घेते, आणि बाजाराच्या दिवशी वडिलांना हातभार लावते. तिनं मला पाहिलं आणि लाल बांगड्यांचा डबा दोनदा उघडला, दोनदा लावला.

मी उभा राहिलो. बायकांमध्ये एकटा पुरुष. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "काय मास्तर, बांगड्या भरायच्या का? तुमचा हात मोठा हाय, बसायच्या न्हायत." बायका हसल्या. चाँदभाई हसले नाहीत. म्हणाले, "बोला मास्तर. गिऱ्हाईक थांबलंय."

"तुमच्याशी नाही, चाँदभाई. रेहानाशी बोलायचंय."

"इथंच?" रेहाना म्हणाली.

"इथंच."

हातात अर्ध्या चढलेल्या बांगड्या घेऊन ती बाई तशीच थांबली. शब्द आठवेनात. जपानी माणसासारखा मी गप्प उभा राहिलो, मनातलं वाक्य मोडून पुन्हा जुळवत. रेहानानं डबा खाली ठेवला. तिनं मधे शब्द पुरवला नाही, तोंड फिरवलं नाही. हनुवटीखाली हात घेतला आणि थांबली.

मी म्हणालो, "रेहाना, त्या येळवसेला मी तुला जेवायला बोलावलं नाही, रिकाम्या गावात एकटं ठेवलं. तू खरं बोललीस, त्याला मी दगा म्हणालो. माझे विद्यार्थी तू फोडलेस असं मी याच बाजारात सांगितलं, ते खोटं होतं. ते गेले माझ्या खोट्यामुळं. तू तर त्यांना माझ्यासाठी थांबवत होतीस, आणि हे कळल्यावरही मी वर्षभर तोंड उघडलं नाही. या सगळ्याची मी तुझी माफी मागतो."